बोलणं आधी की खुणा? आमच्या चिऊबद्दल सल्ला हवा आहे

पाऊलवाट
माझ्या भावाच्या मुलीला घरात सगळे चिऊ म्हणतात. येत्या श्रावणात ती तीन वर्षांची होईल. दीड वर्षाची झाली तरी हाक मारल्यावर वळून बघत नव्हती. "तिचा बापही उशिराच बोलला होता" असं म्हणत आम्ही आठ महिने घालवले, त्याचं फार वाईट वाटतं. शेवटी ऐकण्याची बेरा चाचणी केली. दोन्ही कान ९० डेसिबलच्या पुढे. श्रवणयंत्रं लावली आहेत, कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र) तपासण्या चालू आहेत.

स्पीच थेरपीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी वहिनीला बजावलं, "हातवारे करायचे नाहीत. खुणांची सवय लागली तर ती बोलायचा आळस करेल." तेव्हापासून घरात सगळे हात आवरून असतात. आई (चिऊची आजी) पाणी हवं का विचारायला अंगठा ओठांकडे नेते आणि अर्ध्यातच हात खाली घेते. ते बघवत नाही.

चिऊ मात्र थांबत नाही. आजी हवी असली की स्वतःच्या नाकपुडीवर बोट ठेवते, आईची चमकी असते तिथे. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. परवा तिने मला ओढत आणून काहीतरी सांगायला घेतलं. आधी खिडकी दाखवली. मग डोक्यावर बोट उभं धरलं. मग दोन्ही हात खांद्यापाशी हलवले, दोन बोटं दाखवली आणि शेवटी मान वर करून मोठा आ वासला. आम्हाला वाटलं भूक लागली, म्हणून वरणभात कालवला. तिने घास थुंकला. माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, पुन्हा पहिल्यापासून सगळं करून दाखवलं, आणि मला कळत नाही म्हटल्यावर जमिनीवर पडून रडली.

तिला सांकेतिक भाषा रीतसर शिकवावी का? त्यामुळे बोलणं खरंच मागे पडेल का? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

रानजाई
फार हळवं करणारं लिहिलंयस. अनुभव नाही, पण एका प्रशिक्षणात सांगितलं होतं की माणसाच्या संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के असतो. ५५ टक्के देहबोली आणि ३८ टक्के आवाजाचा चढउतार. मग हात आवरायला सांगणं कसं बरोबर?

खडूफळा
पाऊलवाट, मी कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत ३१ वर्षं शिकवलं. सगळ्याच शाळांत पोरांना 'हाताची घडी, तोंडावर बोट' सांगतात. आमच्याकडे तोंडावरचं बोट नको होतं, घडी मात्र अगदी घट्ट हवी होती. वर्गात हात हलला की मी टेबलावर पट्टी आपटायचे. आवाज त्यांना येत नसे, पण लाकडातून हादरा जाणवायचा. मग हात परत घडीत जायचे.

ओठांसमोर कागदाची बारीक पट्टी धरायची आणि 'प' म्हणवून घ्यायचा. पट्टी हलली की 'प' आला. 'ग'साठी मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा. एक मुलगा दोन वर्षांत 'पाणी' नीट म्हणायला लागला, त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. त्याच रात्री वसतिगृहात फेरी मारताना मी दारात थांबले. तोच मुलगा खाटेवर उभा राहून धाकट्या मुलांना सिनेमा सांगत होता. घोडा, पाऊस, दोघांची मारामारी, हवालदाराची चाल, सगळं हातांनी आणि चेहऱ्याने. पोरं पोट धरून हसत होती. वर्गात आमच्या लेखी तो चार शब्दांचा मुलगा होता.

ती भाषा आम्ही शिकवली नव्हती. मोठी मुलं धाकट्यांना शिकवत, मैदानात, मोरीत, दिवे मालवायच्या आधी. मी स्वतः ती शिकायला लागले तेव्हा माझी १९ वर्षं नोकरी झाली होती आणि शिकवणारे माझेच विद्यार्थी होते.

आरशासमोर उभ्या राहा आणि आवाज न काढता म्हणा: बाबा, पापा, मामा. तिन्ही वेळा ओठ सारखेच हलतात. क, ख, ग तर ओठांवर येतच नाहीत. नुसत्या ओठांवरून भाषा शिक असं तीन वर्षांच्या जिवाला सांगणं म्हणजे काय, ते तेवढ्यात कळेल.

माझं उत्तर: शिकवा. इम्प्लांटची वाट बघू नका. आजीला तर आजच्या आज मोकळं करा.

ध्वनिलहर
खडूफळाबाईंचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. माझ्या मुलाला अडीच वर्षांचा असताना इम्प्लांट बसवलं. आज तो नऊ वर्षांचा आहे, मराठी माध्यमाच्या साध्या शाळेत जातो, कविता पाठ म्हणतो. यामागे बायकोने नोकरी सोडून रोज केलेली चार-चार तासांची मेहनत आहे. थेरपीत तोंड झाकून बोलायला लावायचे, म्हणजे मूल फक्त कानावर विसंबेल. आम्ही एकही खूण वापरली नाही.

मेंदूतला ऐकण्याचा भाग लहानपणीच घडतो. तो काळ गेला की यंत्र बसवूनही आवाज म्हणजे नुसता गोंगाट राहतो. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या सरकारच्या एडिप योजनेतही जन्मतः कर्णबधिर मुलांना इम्प्लांटसाठी पाच वर्षांपर्यंतच्या वयाची अट आहे, ती याचसाठी. चिऊच्या हातात वेळ थोडा आहे. तो दोन ठिकाणी वाटू नका. घरातले, शेजारचे, दुकानदार, शिक्षक सगळे बोलणारे आहेत. तिला त्यांच्यात जगायचंय.

चष्मेबहाद्दर
@रानजाई, ते ७-३८-५५ सगळीकडे सांगितलं जातं, पण त्याचा अर्थ तसा नाही. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७चे प्रयोग होते. 'मेबी'सारखा एकेक शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचा, सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवायचे आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही ते ओळखायला सांगायचं. शब्द आणि सूर यांचा मेळ बसत नसेल तर माणसं भावना कशावरून ओळखतात, एवढाच त्याचा आवाका. सगळ्या संवादाला हे लागू नाही, असं स्वतः मेहराबियन यांनीच स्पष्ट केलं आहे. खरंच ९३ टक्के मजकूर शब्दांबाहेर असता तर तमिळ व्याख्यान नुसतं बघून आपल्याला बहुतेक सगळं कळलं असतं.

दुसरं, देहबोली आणि सांकेतिक भाषा यांची गल्लत नको. भुवई उडवणं, खांदे पाडणं ही देहबोली. सांकेतिक भाषेला शब्दसंग्रह आहे, व्याकरण आहे. भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोको यांनी १९६० साली अमेरिकन सांकेतिक भाषेबद्दल हे मांडून दाखवलं. हाताचा आकार, जागा आणि हालचाल यांतलं एक बदललं की शब्द बदलतो, जसा आपल्याकडे 'काल'चा 'गाल' होतो.

काळीआई
हाताच्या भाषेवरून आमच्याकडचा सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार आठवला. खिलार बैलांची जोडी बघायला वडील मला घेऊन जायचे. दलाल आणि गिऱ्हाईक हातावर टॉवेल टाकायचे आणि आत बोटं धरून भाव करायचे. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. हजार की दहा हजार, ते जनावर बघून दोघांनाही ठाऊक असायचं. भोवती पन्नास माणसं उभी, पण आकडा कुणाला कळायचा नाही. तोंडाने मात्र भलतंच चालू, "पाऊस कसा हाय तुमच्याकडं?"

वडील म्हणायचे, टॉवेलकडे बघू नको, दलालाच्या मानेकडे बघ. सौदा जवळ आला की मानेची शीर सैल पडते.

बाभूळबन
वाशीला हापूसच्या पेट्यांचा भावसुद्धा असाच रुमालाखाली होताना पाहिलाय. शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव दिसत नाही, हा त्यातला वाईट भाग. काळीआई, ते मानेचं फार आवडलं.

दोनघंट्या
अवांतर: माझे काका एसटीत कंडक्टर होते. एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी आणि ड्रायव्हरने आयुष्यभराची नोकरी केली. काका सांगायचे की दोरी किती जोरात ओढली त्यावरून ड्रायव्हरला गाडीत भांडण चालू आहे हेही कळायचं.

उंबरठा
मी इथे सहसा लिहीत नाही. माझे आई-बाबा दोघंही कर्णबधिर. मला आणि बहिणीला ऐकू येतं. माझी पहिली भाषा खुणांची, मराठी दुसरी.

लोकांना वाटतं आमचं घर शांत असेल. आमच्या घराइतका गोंगाट आळीत कुठे नव्हता. भांडी आदळायची, पाटा जोरात सरकायचा, बाबा हसले की तीन घरांपर्यंत ऐकू जायचं. दाराच्या बेलला बाबांनी बल्ब जोडला होता. आईला हाक मारायची तर पायाने फरशी वाजवायची.

शांतता यायची ती लोडशेडिंगमध्ये. दिवे गेले की आमच्या घरातलं बोलणंच बंद. मग मी बॅटरी घेऊन मधे बसायचो. आई बोलत असेल तर उजेड तिच्या हातांवर, बाबा उत्तर द्यायला लागले की त्यांच्या हातांवर. कधी दोघांचं वाजलं आणि मला कंटाळा आला की मी बॅटरी बंद करायचो. आई अंधारात माझा हात शोधून चापट द्यायची आणि त्याच तळहातावर बोटाने लिहायची, 'लाव'.

सहा वर्षांचा असल्यापासून दवाखान्यात, बँकेत, रेशनच्या दुकानात मी दुभाषा होतो. आठवीत असताना आईला गाठ असल्याचं डॉक्टरांनी मला सांगितलं, कारण तिला सांगणारं दुसरं कुणी नव्हतं. ते मीच तिला हातांनी सांगितलं. आई त्यातून बरी झाली. पण ते काम एका मुलावर यायला नको होतं. सरकारी दवाखान्यात दुभाषा असता तर आलं नसतं.

आता मूळ प्रश्न. मी आणि बहीण आधी खुणा शिकलो. दोघंही तुमच्यासारखेच बोलतो. बहिणीला कथाकथनात बक्षिसं मिळाली आहेत. खुणा करणारं मूल बोलायचा आळस करतं, हे आमच्या घरात तरी कधी दिसलं नाही.

ध्वनिलहर
उंबरठा, तुमचं लिहिणं आतपर्यंत पोचलं. पण तुम्हा दोघांना ऐकू येत होतं. आजी, शेजार, रेडिओ, सगळीकडून मराठी कानावर पडत होती. चिऊचं तसं नाही. ही तुलना चालणार नाही.

उंबरठा
बरोबर आहे, तेवढा फरक आहे. मान्य.

थेम्सकाठी
एक व्यावहारिक सूचना. इंटरनेटवर लहान मुलांसाठीचे बरेच व्हिडिओ अमेरिकन सांकेतिक भाषेचे असतात. ते घेऊ नका. जगात एकच खुणांची भाषा आहे हा गैरसमज आहे. अमेरिकेची भाषा फ्रेंच वळणाची, बोटांची मुळाक्षरं एका हाताची. ब्रिटनची पूर्ण वेगळी, मुळाक्षरं दोन हातांची. बोलायची इंग्रजी एक असली तरी या दोन्ही देशांतल्या कर्णबधिरांना एकमेकांच्या खुणा कळत नाहीत. भारतातली बोटांची इंग्रजी मुळाक्षरं ब्रिटिश वळणाची आहेत. ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर एका हाताच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ओळीने बसतात. पाच मिनिटांत पाठ होतात.

इथे ब्रिटनमध्ये २०२२ साली सांकेतिक भाषेसाठी स्वतंत्र कायदा झाला. आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, त्यांत ही अजून नाही.

निःशब्दनव्हे
नमस्कार. मी जन्मापासून कर्णबधिर. वय ४१. मराठी माझी वाचायची आणि लिहायची भाषा. चूक झाली तर सांगा.

मला लोक मुका म्हणतात. मी मुका नाही. मी दिवसभर बोलतो. तुम्हाला दिसत नाही.

माझ्या शाळेत हात बांधले नाहीत पण घडी होती. घरी आई-वडील प्रेमळ. पण जेवताना सगळे हसले की मी विचारायचो, काय झालं? आई म्हणायची, नंतर सांगते. 'नंतर' हा मी ओठांवरून ओळखलेला पहिला शब्द. नंतर कधी कुणी सांगितलं नाही. आईचं लहानपण कसं होतं, मामाशी भांडण का झालं, मला माहीत नाही. आई २०१९ साली गेली.

स्टेशनवर गाडीचा फलाट बदलला की घोषणा होते. मी माणसांच्या पायांकडे बघतो. पाय वळले की मी वळतो. ही देहबोली मला उत्तम येते. पण ती भाषा नाही. माणसं का वळली ते पाय सांगत नाहीत.

ध्वनिलहर सर, तुमचा मुलगा बोलतो याचा आनंद आहे. रात्री यंत्र काढून ठेवल्यावर, आंघोळीत, पोहताना, बॅटरी संपल्यावर तुम्ही त्याच्याशी कसं बोलता? रागाने विचारत नाही.

पाऊलवाटताई, तुमची भाची खिडकी, डोक्यावर बोट, पंख, दोन आणि आ करते. डोक्यावरचं बोट म्हणजे तुरा. तुऱ्याचा पक्षी. दोन पिल्लं. तोंड वासून खाऊ मागतात. बुलबुल असेल. खिडकीबाहेर बघा.

रानजाई
अंगावर काटा आला. पाऊलवाट, आहेस का? बघितलंस का?

काळीआई
वर टॉवेलखालचं लिहिलं तेव्हा नुसती गंमत म्हणून लिहिलं होतं. निःशब्दनव्हे यांचं 'नंतर सांगते' वाचून दोन वेळा उठून घरात फेऱ्या मारल्या. आमच्या चुलत्याला ऐकू येत नव्हतं. तोही पंगतीत सगळ्यांची तोंडं बघत बसायचा. आम्ही कधी काही सांगितलं नाही त्याला.

चष्मेबहाद्दर
थेरपीच्या बाई असं का म्हणाल्या, त्यालाही मोठा इतिहास आहे. १८८० साली इटलीत मिलान इथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. मत देणारे जवळपास सगळे ऐकू येणारे होते. शाळांत खुणा बंद आणि फक्त बोलणं, असा ठराव झाला आणि तो वारा जगभर गेला. आपल्याकडची पहिली कर्णबधिरांची शाळा मुंबईत निघाली तीही १८८०च्याच दशकात. पुढे पिढ्यानपिढ्या शिक्षक त्याच विचारात तयार झाले. २०१० साली कॅनडात व्हँकुव्हरला भरलेल्या अशाच परिषदेत मिलानचे ते ठराव फेटाळून खेद व्यक्त केला गेला. १३० वर्षं लागली.

बाभूळबन
मग खेड्यात एकटंच कर्णबधिर मूल असेल तर त्याने भाषा शिकायची कुणाकडून? चिऊ निदान शहरात आहे.

चष्मेबहाद्दर
एकट्याच्या खुणा घरापुरत्या राहतात, ही खरी अडचण. मुलं एकत्र आली की मात्र काय होतं ते मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात दिसलं. १९७०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या राजधानीत, मानाग्वात, कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू झाल्या. शिक्षक ओठ वाचायला शिकवत होते आणि ते फारसं जमत नव्हतं. पण घरोघरच्या वेगवेगळ्या खुणा घेऊन आलेल्या मुलांनी मैदानात, बसमध्ये एक सामायिक भाषा उभी केली आणि नंतर आलेल्या लहानग्यांनी तिला व्याकरणाची बारीक वीण दिली. भाषाशास्त्रज्ञांच्या डोळ्यांदेखत भाषा जन्मली.

खडूफळा
अगदी आमच्या वसतिगृहासारखं.

बाभूळबन, आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. दिल्लीला २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. त्यांच्या शब्दकोशाचे व्हिडिओ फुकट बघता येतात. २०१८ साली ३,००० शब्द होते, २०२१ साली १०,००० झाले. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या साधनांत सांकेतिक भाषा धरली आहे. मुक्त विद्यालयाच्या माध्यमिक वर्गांना २०२१पासून हा भाषाविषय घेता येतो. खेड्यातल्या पोराच्या हातात आज मोबाईल आहे. माझे जुने विद्यार्थी रात्री व्हिडिओ कॉलवर तासन्तास गप्पा मारतात. पूर्वी त्यासाठी एसटीने प्रवास करावा लागायचा.

मराठी माणसाला ही भाषा एका बाबतीत सोपी जाते. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो. 'तुझं नाव काय' हे हातांनीही त्याच क्रमाने: तू, नाव, काय. आणि पाऊलवाट, भारतीय सांकेतिक भाषेत 'बाई' म्हणजे नाकपुडीवर बोट, चमकीच्या जागी. तुमची चिऊ आजीसाठी करते तेच.

ध्वनिलहर
@निःशब्दनव्हे, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. रात्री यंत्र काढल्यावर आम्ही बोलत नाही. तो झोपायच्या आधी दिवा चालू ठेवायचा हट्ट करतो. मी रोज बंद करत होतो.

चिऊला इम्प्लांट करायचं असेल तर लांबवू नका आणि थेरपीत एक दिवसही खाडा नको, हे माझं मत कायम आहे. पण काल मुलाला विचारलं, खुणा शिकायच्या का? त्याने उलट विचारलं, "बाबा, तुम्ही पण?" खडूफळाबाई, कुठून सुरुवात करायची ते कृपया कळवा.

खडूफळा
रोजच्या लागणाऱ्या वीस शब्दांपासून. पाणी, जेवण, झोप, दुखतंय, हवं, नको, थांब, कुठे, कोण. वाक्यं आपोआप येतात. आणि चेहरा मोकळा सोडा. 'हो की नाही' विचारताना भुवया वर जातात, तो व्याकरणाचा भाग आहे. पुरुषांना हे सगळ्यात जड जातं, असा माझा अनुभव.

पाऊलवाट
उशिरा लिहितेय, माफ करा. त्या दिवशी निःशब्दनव्हे दादांचा प्रतिसाद वाचला तेव्हा मी ऑफिसात होते. वहिनीला फोन करून गॅलरीत बघायला सांगितलं. खिडकीच्या गजावर जुईचा वेल चढवलाय, त्यात आत वाटीएवढं घरटं. दोन पिल्लं. वहिनी फोनवरच रडायला लागली.

संध्याकाळी चिऊला उचलून खिडकीपाशी नेलं आणि मी डोक्यावर बोट उभं धरलं. तिने माझ्याकडे असं बघितलं... मग दोन बोटं, मग आ. मीही आ केला. मग तिने पुढचं सांगितलं, जे इतके दिवस राहिलं होतं: नाकपुडीवर बोट, मग हाताने 'नको'. आम्हाला कळेना. शेवटी आईनेच ओळखलं. ती रोज सकाळी जुईला पाण्याची धार मारते. "अगं बाई, म्हणजे ही मला पाणी घालू नको म्हणतेय!"

थेरपी चालूच आहे. बाईंशी भाऊ बोलला. त्या नाराज आहेत, पण आम्ही घरात खुणा करणार हे त्यांना स्पष्ट सांगितलंय. इम्प्लांटची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. खडूफळाबाईंच्या यादीतले नऊ शब्द आम्हाला येतात. आईला अकरा.

निःशब्दनव्हे दादा, तुम्ही पुण्याच्या आसपास असाल तर एकदा घरी याल का? चिऊने अजून खुणांनी बोलणारं मोठं माणूस बघितलेलं नाही.

निःशब्दनव्हे
येतो. रविवारी सकाळी. बायको पण येईल, ती पण कर्णबधिर. दाराची बेल वाजवीन, पण चिऊला दार उघडू द्या.

पिल्लं उडायच्या आधी यायला हवं. बुलबुलाची पिल्लं लवकर जातात.

उंबरठा
बेलला बल्ब जोडायचा असेल तर सांगा. शनिवारी येऊन करून देतो.